तिसऱ्या फेरीत लागलेलं दही

"कुछ किया नहीं मॅडम, अपने आप बंद हो गया."

उज्जैनला फ्रीगंजात टावर चौकाच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हा सकाळी शटर वर केलं की पहिलं वाक्य हेच कानावर यायचं. आपण काहीच केलेलं नाही, हे गिऱ्हाइकाला आधी सांगून टाकायचं असतं. की-बोर्डमधून चहा ठिबकत असतो, फटीत शेव अडकलेली असते, तरी 'अपने आप'. डॉक्टरकडे गेलेला माणूस निदान 'काल भजी जरा जास्तच झाली' एवढं तरी कबूल करतो. माझ्याकडे कुणी कधी काही कबूल केलं नाही.

दुसरं वाक्य असायचं, "ठीक करने वाले भैया कब आएँगे?" मी म्हणायचे, बसा, येतीलच, आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलून कामाला लागायचे. एक सद्गृहस्थ तर मशीन दुरुस्त होऊन समोर चालू असतानाही बसून राहिले. भैया आल्यावर एकदा नजर टाकतील, मग नेतो, म्हणाले. शेवटी माझी जेवायची वेळ झाली तेव्हा नाइलाजाने उठले.

आमचं घराणं सरदारांच्या पदरी कारकून म्हणून माळव्यात आलेलं. तेव्हापासून घरात सगळे लेखणीचे धनी; स्क्रू फिरवणारी मी पहिलीच. मी बँकेची परीक्षा द्यावी असं वडिलांना फार वाटायचं. मी मात्र बसने इंदूरला जाऊन हार्डवेअरचा कोर्स करून आले. दिवसही तसेच होते. परमिट-लायसन्स गेलं, बाजार उघडला आणि उज्जैनच्या प्रत्येक मराठी घरातला एकेक मुलगा अमेरिकेला गेला, हे सगळं एकदमच झाल्यासारखं वाटतं. मुलगा गेला की वर्षा-दोन वर्षांनी त्याच्या ऑफिसातला जुना लॅपटॉप घरी यायचा. फोटो बघा, ईमेल करा, असं सांगून मुलगा परत जायचा. आई-वडील ईमेल करत नसत. ते गेम खेळत.

गेम खेळताना मशीन बंद का पडतं, हे मला लोकांनी जितक्या वेळा विचारलं तितक्या वेळा माझं वयही कुणी विचारलं नसेल. साधी गोष्ट आहे. पत्र टाइप करताना मशीन नुसतं बसलेलं असतं. गेम सुरू झाला की ते पळायला लागतं आणि पळणारा तापतो. मोठ्या कॉम्प्युटरला ऐसपैस पेटी असते, वारा खेळायला जागा असते. लॅपटॉपमध्ये तेच सगळं सामान पोळीच्या डब्यात भरलेलं. एक छोटा पंखा गरम हवा मागच्या जाळीतून बाहेर फेकत असतो. ती जाळी तुंबली की मशीन आधी हळू होतं, मग चित्र जागच्या जागी थिजतं, म्हणजे हँग होतं, आणि तरीही तुम्ही बटणं बडवत राहिलात तर पडदा काळा करून निजून जातं. ह्याखेरीज मेमरी सैल असते, वीज कमी-जास्त होते, सॉफ्टवेअर बिघडतं. पण कारण मशीनच्या आत जितकं सापडतं, त्याहून जास्त ते मशीनच्या आसपासच्या माणसांत सापडतं, असा माझा अनुभव आहे.

देवास गेटजवळच्या एका लॉजमालकाचं उदाहरण घ्या. त्याचा कॉम्प्युटर पत्त्यांचा डाव रंगात आला की अडकायचा. "मॅडम, दिवाली की पूजा के बाद से ही अटक रहा है. मुहूरत में कुछ गड़बड़ हो गई क्या?" मी पेटी उघडली. आत अक्षता, झेंडूच्या पाकळ्या आणि पंख्याच्या पात्यात अडकलेला बत्तासा, त्याला लागलेल्या मुंग्यांसकट. शेटजींनी वह्यांबरोबर मशीनचीही यथासांग पूजा केली होती आणि जाळी म्हणजे तोंड समजून नैवेद्य आत सरकवला होता. मी पाकळ्या कचऱ्यात टाकणार तोच त्यांनी हात धरला, कागदाच्या पुडीत घेतल्या आणि कपाळाला लावल्या. पुढच्या दिवाळीला मला पूजेलाच बोलावणं आलं. गुरुजी मंत्र म्हणत होते आणि मी शेजारी बसून 'इथे फूल चालेल, इथे नाही' सांगत होते.

किंवा ते तळघरातलं गेम पार्लर. तिथे कॉलेजचा एक विशिष्ट मुलगा आला की सगळीच्या सगळी मशीनं एकदम बंद पडून परत सुरू व्हायची. मालकाने त्याला पनौती ठरवून दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली. मी त्या मुलाला मुद्दाम आत बोलवायला लावून एक दुपार तिथे बसून काढली. मुलगा एका मोठ्या वकिलांचा होता, म्हणून तो आला की मालक अदबीने उठून कूलर लावायचा. कूलर आणि मशीनं एकाच लाइनीवर. कूलरने पहिला घोट घेतला की मशीनं उपाशी. कूलरची तार वेगळी केली, आणि मालकाने त्या मुलाला भर चौकात कचोरी खिलवून त्याची पनौती उतरवली.

हे सगळं प्रास्ताविक झालं. मला सांगायचं आहे ते शेवडे आप्पांबद्दल.

आप्पा रेल्वेत गार्ड होते. मालगाडी असो की पॅसेंजर, सगळी नोकरी त्यांनी शेवटच्या डब्यात काढली. ते दुकानात आले ते खांद्यावर आपली जुनी गार्डाची पेटी घेऊन. काळी, लोखंडी, पांढऱ्या अक्षरांत नाव रंगवलेली. कानावरून माकडटोपी ओढलेली होती. पेटीत उशीचा अभ्रा, आणि अभ्र्यात लॅपटॉप. मुलगा प्रशांत अमेरिकेहून येताना घेऊन आला होता. त्यात मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ होता, तीन फेऱ्यांचा.

"वैजू, तिन्ही फेऱ्यांत तोच रस्ता, तोच पूल," आप्पा म्हणाले. "तिसऱ्या फेरीत पुलावर गाडी चढली की हवेत थांबून जाते. खालून घर्र आवाज येऊन राहतो, बास. रोज. मी काही करत नाही, अपनेआप होतं."

मी म्हटलं, "आप्पा, थांबली तर थांबली. दुसरा खेळ खेळा, पत्ते आहेत त्यात."

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "हे बघ, आयुष्यभर गाडीच्या मागे बसलो. पुढे काय चाललंय ते मला कधी दिसलं नाही. आता एक गाडी पुढे बसून चालवतोय, तर ती निदान मुक्कामाला तर पोचू दे. आणि संक्रांतीला पतकी येऊन राहिलेत."

पतकी म्हणजे त्यांचे व्याही, प्रशांतचे सासरे. राहायचे इंदूरला. त्यांच्याकडे स्वतःची मोटार होती आणि ती ते स्वतः चालवतात, हे त्यांच्या प्रत्येक दुसऱ्या वाक्यात यायचं. तोच खेळ त्यांच्याही घरी होता. दिवाळीत फराळाला आले असताना आप्पांनी मोठ्या हौसेने त्यांना शर्यत दाखवायला घेतली आणि ऐन पुलावर गाडी थिजली. तेव्हा पतकी चिवड्याचा घास संपवून म्हणाले होते, "गार्डसाहेब, तुम्ही मागेच बरे." वाक्य थट्टेचंच होतं. सगळे हसले, आप्पाही हसले. पण पुढे महिनाभर त्यांना जेवण गोड लागलं नाही, हे त्यांनीच मला सांगितलं. संक्रांतीला व्याही-विहीण जेवायला येणार, तेव्हा जेवणानंतर एकेक शर्यत खेळायची आणि ज्याची वेळ कमी तो जिंकला, असं ठरलं होतं.

मी मशीन उघडलं. पंखा साफ केला, मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासून परत बसवली. पडद्यावर चित्र रंगवणारं जे सॉफ्टवेअर असतं त्याला ड्रायव्हर म्हणतात, तोही नवा घातला. ह्यावर आप्पा जरा नाराज झाले. विचारल्याशिवाय ड्रायव्हर बदलायची पद्धत रेल्वेत नाही, म्हणाले. मग माझ्याच टेबलावर बसून त्यांनी शर्यत लावली. पहिली फेरी, दुसरी, तिसरी, पूल, पुलाच्या पलीकडचं वळण, शेवटची रेषा. गाडी सुखरूप पोचली. आप्पांनी खिशातून हिरवा रुमाल काढून हलवायचा तेवढा बाकी ठेवला. लागोपाठ खेळत राहिले, समोरचा झेरॉक्सवाला आणि त्याची गिऱ्हाइकं बघायला गोळा झाली, पण मशीन काही थिजलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी परत हजर.

"घरी नाही चालत," आप्पा म्हणाले.

दुकानात ठणठणीत आणि घरी गेलं की आजारी, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट केस. गिऱ्हाइकाला वाटतं आपण फसवतोय आणि आपल्याला वाटतं गिऱ्हाईक फसवतंय. मी त्यांच्या घरची वायर मागवून तपासली. चार्जर तपासला. सगळं पुसून नव्याने भरू का, असं विचारलं तर म्हणाले, त्यात माझं पहिल्या दोन फेऱ्यांचं रेकॉर्ड आहे, त्याला हात लावायचा नाही. संक्रांत जवळ येत होती आणि पेटी दुकान ते घर अशा खेपा करत होती. चौकातले लोक मला विचारायला लागले, की मॅडम, तुम्हारे यहाँ मालगाड़ी का पार्सल आता है क्या.

शेवटी मी बसवून विचारलं, "आप्पा, तुम्ही नक्की कधी खेळता?"

"संध्याकाळी. दिवाबत्ती झाली की." मग ते थोडे पुढे वाकले आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "तुला एक गंमत सांगू? आधी तुझी काकू माझ्यावर ओरडायची. डोळे फोडून घ्या, म्हणायची. रिटायर झाल्यापासून माझं काहीच तिला पसंत नाही. पेपर वाचला तरी आवाज होतो. आणि आता ह्या ठंडीत रोज स्वतः म्हणते, अहो, बसता ना खेळायला? नुसतं म्हणत नाही, शाल घेऊन शेजारी येऊन बसते. लग्नाला इतकी वर्षं झाली, संध्याकाळची ती अशी बसलेली मला आठवत नाही."

मी म्हटलं, आज संध्याकाळी मीच घरी येते, बघते.

गेले. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, टेबलावर लॅपटॉप, आप्पा खुर्चीत ताठ, शेजारी स्टुलावर काकू. आणि लॅपटॉपच्या मागे, अगदी जाळीला चिकटून, एक बुटका गोल मनुष्य शाल पांघरून बसलेला. डोक्याला आप्पांची दुसरी माकडटोपी. क्षणभर मला खरोखरच कुणाचं तरी मूल वाटलं.

"काकू, हे काय आहे?"

"काही नाही गं," काकू घाईने म्हणाल्या. "अहो, तुम्ही लावा ना गाडी."

आप्पांनी गाडी लावली. पहिली फेरी. काकू गाडीकडे कमी आणि शालीकडे जास्त बघत होत्या. दुसऱ्या फेरीत त्यांनी शालीखाली हात घालून चाचपलं. तिसऱ्या फेरीत पूल आला, गाडी हवेत उचलली गेली आणि तिथेच थांबली. घर्र सुरू झालं. आप्पांनी सवयीने बटणांवरचे हात काढले, बाजूचा चहाचा कप उचलला आणि शांतपणे प्यायला लागले. रोजचा परिपाठ होता तो. मी लॅपटॉपखाली बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं.

काकूंनी मला डोळ्याने खूण केली. आम्ही स्वयंपाकघरात आलो.

"दही आहे," त्या हळूच म्हणाल्या. "काय करू मग? ठंडी पडली की दही लागत नाही, जमतच नाही ना. पिठाच्या डब्यात ठेवून बघितलं, रजईत ठेवलं, ह्यांच्या कुशीत ठेवलं तर ह्यांनी कूस बदलून गादी ओली केली. दिवाळीच्या आधी एक दिवस ह्यांना चहा द्यायला गेले, तर त्या मशीनच्या मागून गरम हवा येऊन राहिली होती. फुकट चाललेली. म्हटलं, पातेलं ठेवून बघू. अगं, सुरीने कापून घे असं जमलं."

तर असं होतं. आप्पांची गाडी पुलावर रोज मरत होती, ती काकूंच्या विरजणासाठी. काकूंनी जाळीला पातेलं आणि वर शाल-टोपी लावून मशीनचा श्वास कोंडला होता. पहिल्या फेरीत दूध कोमट व्हायचं, तिसऱ्या फेरीत मशीन घुसमटायचं. माझ्या दुकानात दह्याचं पातेलं नव्हतं, म्हणून तिथे आप्पा जिंकत होते.

मी हे सांगितल्यावर काकू ओट्याला टेकल्या. "म्हणजे माझ्यामुळे बंद पडतं ते? दिवाळीत व्याह्यांसमोर पडलं तेही?" मग त्यांच्यातली सुगरण जागी झाली. "पण वैजू, संक्रांतीला व्याह्यांना श्रीखंड-पुरी करायची आहे. विहीणबाई दिवाळीलाच म्हणून गेल्यात, की हिवाळ्यात घरी चक्का होतच नाही, आम्ही डेअरीतूनच आणतो. मी म्हटलं, आमच्याकडे होतो. आता काय तोंड दाखवू?"

म्हणजे एकाच मशीनवर दोन अब्रू टांगलेल्या. एकीला ते तापायला हवं होतं आणि दुसऱ्याला थंड. मी कोर्समध्ये बरंच शिकले होते, पण हे त्यात नव्हतं.

"आणि ह्यांना सांगू नकोस," काकू म्हणाल्या. "मला ह्यांचा खेळ आवडतो असं वाटतं त्यांना. बोलून दाखवत नाहीत, पण खुशीत आहेत."

मी वेळापत्रक आखून दिलं. संक्रांतीच्या आधीच्या संध्याकाळींना दही. तेव्हा मशीन थिजलं तरी चालेल, आप्पांचा सराव पुलापर्यंत होईलच. चक्का बांधून टांगला, की पातेलं कायमचं बाजूला. आणि शर्यतीच्या दिवशी लॅपटॉप काकूंच्या पोळपाटावर. पोळपाटाला तीन पाय होते, खालून वारा मिळाला असता. आप्पांना मी एवढंच सांगितलं की मशीनला हवा लागते, ते उंचावर पाहिजे आणि त्याच्या मागे काही नको. ते 'बरं' म्हणाले.

मग त्या चार-दोन संध्याकाळी काकूंनी आप्पांना जे काही खेळायला लावलं ते विचारू नका. मी एकदा डोकावले तर आप्पा मान चोळत होते आणि काकू म्हणत होत्या, "अहो, एक फेरी अजून घ्या ना. अजून पातळ आहे." लगेच त्यांनी जीभ चावली. आप्पांनी गाडी परत लावली.

संक्रांतीला मलाही जेवायचं आमंत्रण होतं, मशीनची दाई म्हणून. पतकी मोटारीने आले आणि आल्याबरोबर रस्त्यात कुणाकुणाला मागे टाकलं ते सांगायला बसले. जेवणात एक छोटा घोटाळा झाला. आप्पांनी सकाळीच पोळपाट धुऊन लॅपटॉपखाली ठेवला होता, आणि पुऱ्या लाटायची वेळ झाली तेव्हा ते तो द्यायला तयार होईनात. काकू लाटणं घेऊन दारात उभ्या होत्या. शेवटी आधी पुऱ्या, मग शर्यत, ह्या बोलीवर पोळपाट स्वयंपाकघरात गेला आणि परत आला तेव्हा त्याला कणकेचा वास येत होता. श्रीखंड घट्ट, पिवळंधमक झालं होतं. विहीणबाईंनी एक वाटी संपवली, दुसरी मागितली आणि विचारलं, "चक्का कुठून आणला?" काकू म्हणाल्या, "घरचा." त्या एका शब्दासाठी आप्पांच्या गाडीने किती वेळा पुलावर जीव दिला होता ते मला एकटीला ठाऊक होतं.

पतकी आधी बसले. खरी मोटार चालवणारा माणूस. ते वळणावर खुर्चीसकट वाकायचे आणि समोरून कुणी आलं की पायाने फरशीवर ब्रेक मारायचे. फरशीचा ब्रेक मशीनला कळत नाही. एकदा कठड्यावर, एकदा गवताच्या गंजीत जाऊन ते कसेबसे पोचले आणि म्हणाले, "ह्या तुमच्या मशीनचं स्टेअरिंग हलकं आहे."

आप्पा बसले. काकू हात पुसत येऊन मागे उभ्या राहिल्या. पहिली फेरी बिनचूक, दुसरी त्याहून बिनचूक. पतकींपेक्षा आप्पा बरेच पुढे होते. तिसरी फेरी आली. पूल आला. गाडी हवेत उचलली गेली.

आणि आप्पांनी बटणांवरचे हात काढले, बाजूचा चहाचा कप उचलला आणि घोट घेतला.

आज गाडी थांबली नव्हती. ती पुलावरून उतरून पलीकडच्या वळणाकडे सुसाट निघाली होती आणि चालवणारा बशीत चहा ओतत होता. मी ओरडायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी काकूंचा आवाज आला.

"अहो, हात. हात लावा. डावीकडे, डावीकडे घ्या, झाडाच्या आधी. आता सोडा. आता लाल गाडी मध्ये येते, तिला उजवीकडून. आता दाबून ठेवा."

आप्पांनी कप बशीसकट पतकींच्या हातात दिला आणि काकू सांगतील तसं करत गेले. ज्या बाईने दिवाळीपासून नुसतं दही राखलं असं मला वाटत होतं, तिला त्या रस्त्यावरचं झाडन् झाड पाठ होतं. गाडी रेषेपार गेली. आप्पा थोडक्यात जिंकले. पतकी हातातला चहा स्वतःच पिऊन टाकत म्हणाले, "गार्डसाहेब, ड्रायव्हर तर मागे उभा होता." ह्या वेळी आप्पा खरोखर हसले. काकू मात्र लाजून पोळपाट मागायला लागल्या.

माझ्या लेखी केस संपली. शर्यत जिंकली, श्रीखंड जमलं, बिघाड सापडला. मी खुशीत होते. आठ-दहा दिवसांनी दुकानाच्या पायऱ्यांवर लोखंडी पेटीचा आवाज आला तेव्हा मला खरंच राग आला.

"आता काय झालं, आप्पा? थांबते का?"

"नाही. एकदम चांगली चालते."

"मग?"

आप्पांनी पेटी टेबलावर ठेवली, पण उघडली नाही. थोडा वेळ कुलूप चाळवत राहिले. "वैजू, ते आधीसारखं करून दे."

"आधीसारखं म्हणजे?"

"थांबायचं तसं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "तू सांगून आलीस, मागे काही ठेवायचं नाही. ती ऐकते तुझं. आता पातेलं आत पिठाच्या डब्यात असतं, अर्धं जमतं, अर्धं नाही. आणि ती त्याच्याबरोबर आतच असते. मी बाहेर एकटा बसतो आणि पुन्हा पुन्हा जिंकून राहतो. काय करायचंय मला जिंकून?"

मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? दह्याचं?"

"मी गार्ड होतो गं," आप्पा म्हणाले. "मागे काय लागलंय ते बघणं हेच काम केलं मी सगळा जन्म."

त्या धंद्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. आता दुकान नाही. लोक बिघडलेलं मशीन उघडत नाहीत, फेकतात आणि नवं आणतात, आणि कुणाच्या घरी पातेलं कुठे ठेवलंय ते बघायला कुणी जात नाही, ह्याची मला हळहळ वाटते. त्या सगळ्या वर्षांत दुरुस्त झालेलं मशीन परत बिघडवून मागणारं गिऱ्हाईक मला एकच भेटलं. मी त्याच संध्याकाळी शेवड्यांकडे गेले. काकूंना म्हटलं, "मी पुन्हा तपासलं, काकू. नुसत्या थंड हवेनेही मशीन खराब होतं. मागे काहीतरी उबदार ठेवत जा, हिवाळाभर तरी." कोर्समध्ये ज्यांनी मला शिकवलं त्यांनी हे ऐकलं असतं तर सर्टिफिकेट काढून घेतलं असतं.

काकूंनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं, मग आत गेल्या. आधी पोळपाट काढून घेतला, मग पिठाच्या डब्यातलं अर्धवट जमलेलं पातेलं आणलं, शाल गुंडाळली आणि वर माकडटोपी चढवली. स्टूल ओढून आप्पांच्या शेजारी बसल्या. आप्पांनी गाडी लावली. मी निघायला हवं होतं, पण दारातच उभी राहिले. पहिली फेरी झाली, दुसरी झाली, "डावीकडे," काकू मधूनच म्हणाल्या. तिसऱ्या फेरीत पूल आला, गाडी हवेत उचलली गेली आणि तिथेच थांबली. आप्पांनी हात काढून चहाचा कप उचलला, अर्धा बशीत ओतला आणि बशी काकूंकडे सरकवली. काकूंनी टोपी वर करून पातेलं जरासं कलतं करून बघितलं.

"जमलं," त्या म्हणाल्या.